जुनी लाकडी होडी घेताय? आधी एक खिळा उपटून बघा (दहा महिन्यांच्या वापरानंतर)

होडी चोवीस फुटी, सागाच्या इंची फळ्यांची, एक सिलेंडरचं दहा हॉर्सपॉवर डिझेल इंजिन. वापर नवी मुंबईतल्या दिवाळे जेट्टीपासून पनवेल खाडीच्या तोंडापर्यंत, आठवड्याला तीन-चार फेऱ्या. नोव्हेंबरात मत होतं चार तारे, मार्चमध्ये दोन, आज साडेतीन. हा चढउतार इंजिनामुळे झालेला नाही आणि लाकडामुळेही नाही. खिळ्यांमुळे झालाय.

जुनी होडी बघायला गेलेला माणूस लाकडावर हात फिरवतो, बोटाने टकटक करतो आणि 'साग आहे, काय होतंय' म्हणत बयाणा देतो. साग खरंच टिकतो. शिवाय त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळा सागात बऱ्यापैकी तग धरतो. पण फळी सागाची असली तरी आतल्या फासळ्या बहुधा दुसऱ्याच लाकडाच्या असतात, आणि खिळा मरतो तो फळी-फासळीच्या सांध्यावर. तिथे खारं पाणी झिरपून साचतं. खिळ्याचं डोकं धडधाकट, टोक धडधाकट, मधली कंबर मात्र काडीसारखी. उपटला तर अर्ध्यातून तुटतो, भोकातून काळा लगदा येतो आणि भोवतालचं लाकूड नखाने उकरता येतं. बाहेरून यातलं काही दिसत नाही, कारण डोक्यांवर पुट्टी आणि पुट्टीवर ताजा रंग. ताजा रंग बघून खूश होऊ नका, तो तुमच्यासाठीच मारलेला असतो.

पाण्याचा हिशेब पंधरा लिटरच्या बादलीत. घेतली तेव्हा उभ्या होडीत चोवीस तासांत तीन बादल्या. लाकडी होडीला एवढं चालतं. मार्चअखेर नऊ. फळ्यांमधल्या फटींत कापूस भरण्याचं काम दोनदा करून घेतलं. दोन्ही वेळा दहा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. दोन मजुऱ्या वाया. मार्चमधलं 'लाकडी होडी म्हणजे पांढरा हत्ती' हे मत तेव्हाचं, आणि ते चुकीचं होतं. कापूस फळ्यांना धरून ठेवत नाही, फळ्या कापसाला धरून ठेवतात. खिळे सैल असले की लाटेवर फळी केसभर हलते आणि प्रत्येक हालचालीला कापूस थोडा बाहेर सरकतो. एक सिलेंडरच्या इंजिनाचा धक्का मागच्या भागात हेच काम दुप्पट वेगाने करतो. एप्रिलमध्ये पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट (तरंगता स्विच) माशांच्या खवल्यांत अडकला आणि सकाळी पाणी इंजिनाच्या पायापर्यंत आलेलं होतं. विकणाऱ्याचं 'सगळे खिळे नवे मारलेत' हे वाक्य तेव्हाच तपासून झालं. नवे होते, पण पाण्याच्या रेषेच्या वरचेच.

तपासणी करायची ती अमावस्येला किंवा पौर्णिमेला. उधाणाच्या दिवशी आपल्या खाडीत ओहोटी सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला तळाला जाते आणि होडी चिखलात कोरडी बसते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी पुरेसं उतरतच नाही. टोचा, छोटी हातोडी, पटाशी बरोबर न्या. पठाणालगतच्या (तळाच्या मधल्या मुख्य लाकडालगतच्या) फळीवरची दहा डोकी पुट्टी खरवडून उघडी करा, पाच मागे, पाच पुढे. भोवती काळा डाग किंवा डोकं बोटाने हलतंय, असे तीनपेक्षा जास्त निघाले तर सगळा तळ बदलायचा धरून चाला. मालकाला विचारून एक खिळा उपटा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. मग तिथेच थांबा, आत कोरडं पुसून खडूने रेघ मारा आणि दुपारी साडेबारा-एकच्या भरतीला पाणी रेघेपासून किती चढलं ते बघा. आठवडाभर उन्हात ओढून ठेवलेली होडी पहिले दोन-तीन दिवस गळणारच, फळ्या पाणी पिऊन फुगल्या की थांबते. तशी होडी असेल तर पाण्यात सोडून चौथ्या दिवशी मोजा.

खर्च आधीच काढता येतो. फासळ्या दीड फुटावर, म्हणजे पंधरा. फळ्या एका बाजूला आठ, प्रत्येक सांध्यावर दोन खिळे : एकूण ४८०. पाण्याखालच्या चार-चार फळ्या धरल्या तर २४०. सौदा करताना तेवढ्या खिळ्यांची किंमत आणि मजुरी बिनदिक्कत कापून मागा. इंची फळी, अडीच इंची फासळी, शिवाय टोक आतून वळवायला पाऊण इंच, म्हणून खिळा सव्वाचार इंची लागतो. नवा खिळा जुन्या भोकात कधीही मारू नका. इंचभर बाजूला, लाकडाच्या रेषेत न येईल असा, आधी बारीक ड्रिल मारून. नाहीतर फळी उभी चिरते. जस्ताचा जाड मुलामा दिलेले चालतात, तांब्याचे उत्तम पण खिसा रिकामा करतात. मधूनमधून चार तांब्याचे मारण्याची काटकसर मात्र नको, खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचं लोखंड आधी खलास होतं. स्टेनलेस स्क्रू चकचकीत दिसतात, पण ओल्या लाकडात हवा न मिळाल्याने तेही खड्डे पडून गंजतात.

'वरून फायबर मारून टाका' हा सल्ला जेट्टीवर फुकट मिळतो. जुन्या ओल्या लाकडावर तो फुकटातही महाग. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर तसं करत नाही. थर सुटतो, मधे पाणी कोंडतं आणि आत लाकूड सडतं.

बाकीचं थोडक्यात. कीड पिनेच्या टोकाएवढ्या भोकातून शिरते आणि आत पेन्सिलएवढा बोगदा करते, म्हणून हातोडीचा आवाज ऐका, बद्द आला की टोचा घाला. सडण्याला खारं पाणी कारण नसतं, पावसाचं गोडं पाणी असतं. पावसाळ्यात ताडपत्री आणि तळाला मूठभर जाडं मीठ. डिझेल तासाला दोन लिटरच्या आसपास, तक्रार नाही. खाडीतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या इंजिनाच्या पाण्याची वाट बुजवतात, जाळी रोज काढा. कागदांत नोंदणीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष ताडून घ्या. फ्लेमिंगो दाखवायला माणसं बसवायचा विचार असेल तर मासेमारीचा परवाना त्याला चालत नाही.

१ जून ते ३१ जुलै, बंदीच्या ६१ दिवसांत २४० पैकी १९० खिळे बदलून झाले. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात. चौथ्या दिवसापासून चोवीस तासांत पाऊण बादली, आणि कापूस तोच, मार्चमध्ये भरलेला. मागच्या दोन फळ्यांचे पन्नास खिळे राहिलेत. पितृपक्षात नवं काम कोणी काढत नाही, सुतार मोकळा सापडतो, तेव्हा तेही उरकायचे आहेत. अर्धा तारा त्यासाठी राखून ठेवलाय.