टेंपरेचर कंट्रोलसाठी 22 एमएमचा सिंगल कॉइल आरटीए: डेक चांगला आहे, पिनवर लक्ष ठेवा

आरटीए म्हणजे व्हेपचा (ई-सिगारेटचा) टँक, ज्यात कॉइल आपणच बांधून बसवायची. तो घेताना बरेच जण फ्लेवर, एअरफ्लो आणि टँकमध्ये लिक्विड किती मावतं एवढंच बघतात पण मी हा घेतला तो फक्त टेंपरेचर कंट्रोलवर (टीसी, म्हणजे कॉइल ठरवलेल्या तापमानाच्या वर जाऊ न देणं) चालवायला, त्यामुळे मी आधी डेक, म्हणजे कॉइल बसवायची जागा, बघितला आणि डेक एक नंबर आहे. निगेटिव्ह पोस्ट (वायर धरणारा खांब) बेससकट एकाच तुकड्यातून कापलाय, वेगळा आणून बसवलेला नाही, पॉझिटिव्ह पोस्टखाली पीक (PEEK) प्लास्टिकचा इन्सुलेटर आहे, आणि स्क्रूचं डोकं रुंद असल्यामुळे वायरचा पाय नीट दाबला जातो, घट्ट करताना बाजूला पळत नाही.

याचं एवढं कौतुक का, तर मॉडला (बॅटरी आणि सर्किटचा भाग) कॉइलचं तापमान थेट कळतच नाही, तो फक्त रेझिस्टन्स मोजतो आणि तो किती वाढला त्यावरून कॉइल किती तापली असेल याचा हिशोब लावतो. म्हणूनच कांथल (नेहमीची कॉइलची वायर) टीसीला चालत नाही, कितीही तापवा त्याचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच राहतो. मी एसएस316एल (स्टेनलेस स्टीलची वायर) लावतो, 28 गेज, अडीच एमएमच्या रॉडवर 6 वेढे, वेढ्यांमध्ये थोडी फट ठेवून, साधारण 0.55 ओहम येतं. टीसीआर, म्हणजे दर डिग्रीला रेझिस्टन्स वाढायचं प्रमाण, 0.00092 धरला तर 20 डिग्रीवरून 220 ला जाईपर्यंत त्याचं 0.65 होतं, म्हणजे सगळा खेळ 0.10 ओहमचा आणि ढिल्या स्क्रूमुळे त्यात नुसता 0.01 चा घोळ झाला की रीडिंग 20 डिग्रीने चुकलं. 0.2 ओहमच्या कॉइलमध्ये तोच 0.01 तुम्हाला 50 डिग्रीच्या वर चुकवतो!! त्यामुळे स्टीलमध्ये टीसी करायचं तर फार खालच्या ओहमच्या मागे लागू नका, ढग थोडे कमी आले तरी चालतील. वेढे एकमेकांना चिकटवूही नका, चिकटलेले वेढे मधूनच शॉर्ट होतात आणि रीडिंग उड्या मारत राहतं. निकेलचा रेझिस्टन्स खूप जास्त वाढतो त्यामुळे कंट्रोल छान मिळतो पण वायर एकदम मऊ, स्क्रूखाली तुटते. टायटेनियम चालतं, फक्त ते लाल होईपर्यंत तापवू नका.

आता तक्रार. 510 ची पिन (टँक मॉडला जोडते ती) म्हणजे खालून पॉझिटिव्ह पोस्टला धरणारा स्क्रूच आहे आणि कॉइल बांधताना पोस्टवर जोर आला की तो हळूच सैल होतो, वरून बघून काहीच कळत नाही, कळतं ते असं की मॉड अर्ध्या झुरक्यात टेंपरेचर प्रोटेक्टेड दाखवून पॉवर कापतो आणि वाफच येत नाही. दरवेळी नवीन कॉइल घातली की ही पिन स्क्रूड्रायव्हरने तपासायची, मग मॉडवर लावायचा. सोबत दिलेले जादाचे स्क्रूही मऊ आहेत, खाच लगेच झिजते. लिक्विड मात्र वरून भरता येतं त्यामुळे टँक मॉडवरून सारखा काढावा लागत नाही, टीसीवाल्याला याचा खूप फायदा आहे.

मॉड माझा डीएनए 75 सी चिपचा आहे आणि त्याच्याबरोबर हा छान जमतो, पण कुठल्याही मॉडवर रेझिस्टन्स लॉक करायचा (मूळ रीडिंग म्हणून पक्का करायचा) तो कॉइल पूर्ण थंड असतानाच. नुकतीच फायर केलेली कॉइल 60 डिग्रीला असेल आणि मॉडने ती 20 ला आहे असं धरून लॉक केलं तर तुम्ही 220 लावाल आणि प्रत्यक्षात ती 247 च्या आसपास जाईल, कापूस जळणारच. मग लोक म्हणतात टीसी भंपक आहे. अहो भंपक नाही, बेस रीडिंग चुकलंय.

भरवसा बसत नसेल तर लिक्विड न घालता कॉइलमध्ये कोरडा कापूस घाला, 200 डिग्री लावून थोडा वेळ फायर करा आणि कापूस काढून बघा. माझ्याकडे पांढराच निघाला, नंतर 10-10 डिग्री वाढवत नेलं तेव्हा कुठे कॉइलला टेकलेल्या जागी फिकट तपकिरी रेघा उमटल्या, तेही सगळीकडे सारख्या. एकाच बाजूला काळा डाग आला तर त्या बाजूचा पाय उघडून परत बसवा.

वॅटेजवरच चालवणार असाल तर हा घ्यायची खास गरज नाही. टीसीसाठी मी हाच परत घेईन. आणि जे मुळात सिगारेट ओढतच नाहीत त्यांनी कृपा करून यातलं काहीच घेऊ नका.