पन्नाशीनंतरचं नैराश्य: भरभर चालणं की वजनं?

डॉक्टरांनी व्यायाम करा म्हटलं, पण कोणता, इथेच बरेच जण अडतात.

परिणाम दोन्हींचा दिसतो. १९९९ च्या अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या चाचणीत पन्नाशीपुढचे १५६ रुग्ण होते. आठवड्यातून तीनदा चालणारे-धावणारे १६ आठवड्यांनी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्यांइतकेच सुधारले. वजनांच्या २००५ च्या चाचणीत साठीपुढच्यांना जड वजनांचा फायदा हलक्यांपेक्षा बराच जास्त झाला. म्हणजे दहा वेळा उचलताना शेवटच्या दोन वेळा कष्ट पडायलाच हवेत.

खर्चात चालणं स्वस्त, चांगले बूट पुरतात. वजनांची सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्याने आणि पाण्याच्या बाटल्यांनी होते, पण त्या लवकरच हलक्या पडतात.

चुका वेगळ्या. चालणं रमतगमत होतं. बोलता येईल पण गाता येणार नाही, असा वेग ठेवा. वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब चढतो, तेव्हा उचलताना श्वास सोडा.

घरात कोंडून घेतलं असेल, तर सोबत ठरवून चाला. पहिले काही दिवस दहा मिनिटंही खूप झाली. गुडघे दुखत असतील किंवा पडण्याची भीती असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून वजनं शिका. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. जगणं नको वाटत असेल, तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.