दाढेचं इम्प्लांट, अकरा महिन्यांनंतर: हाडाने धरलं, स्क्रूने सोडलं

गेल्या मंगळवारी रात्री सेव-उसळ खाताना माझी खालची उजवी दाढ हलली. खरी नव्हे, इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर बसवलेली. पाव चावला आणि आत बारीकसं 'कट्' झालं. जिभेने ढकलून पाहिली तर दाढ फिरत होती. केसभरच, पण फिरत होती. हातातला पाव तसाच ताटात ठेवला. त्या रात्री जे लिहिलं ते आधी देतो. रागातलं आहे, पण खोडत नाही.

"इम्प्लांट करू नका. बत्तीस हजार गेले. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दात, निम्म्यात होत होता. हाडाशी एकजीव होतं म्हणाले, मग सात महिने चावून झाल्यावर एकजीव झालेली वस्तू फिरते कशी? तीन दर सांगितले होते, मी मधला घेतला, तिथेच चुकलं."

आज शनिवार, आणि माझं मत बदललं आहे. फिरत होतं ते हाडातलं इम्प्लांट नव्हतंच, त्यावर छोट्या स्क्रूने आवळलेली दाताची कॅप होती. डॉक्टरांनी कॅपच्या वरचं पांढरं भरण कोरून काढलं, खालून टेफलॉन टेपची गुंडाळी ओढून काढली. नळाच्या आट्यांवर गुंडाळतो तसलीच टेप. तिच्याखालचा स्क्रू दोन बोटांत धरलेल्या चावीने, जोर न लावता सुटून आला. कॅप निघाली तसा कुजका वास आला. ढिल्या सांध्यात लाळ आणि अन्न साचलं होतं. मग आरशाच्या दांड्याने आतल्या इम्प्लांटवर टकटक केली. आवाज स्वच्छ, खणखणीत. एक्स-रेमध्ये हाड थेट आट्यांना भिडलेलं दिसलं, मध्ये काळी रेघ नाही. माझ्या पेशींनी त्यांचं काम चोख केलं होतं. चूक झाली ती माणसाने आवळलेल्या जोडात.

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण माझा जीव याच गोष्टीत अडकला आहे. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. जॉबचं, म्हणजे घडवलेल्या भागाचं, फिनिश आरशासारखं आलं नाही तर मी तो परत करतो. सप्टेंबरात इम्प्लांट बसवायच्या आधी डॉक्टरांनी सीलबंद नळीतला तो हाडात बसणारा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, दाखवला तेव्हा मला धक्काच बसला. राखाडी, मंद, ब्लास्टिंग करून तसाच सोडून दिल्यासारखा. मी म्हटलं, "डॉक्टर, याला पॉलिश नाही?" त्या म्हणाल्या, "काका, पॉलिश केलं तर रक्ताची गुठळी धरून राहणार कशाला?"

मग त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, त्याने माझी आयुष्यभराची समजूत हलवली. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. शरीराला भेटतो तो हा थर, खालचा धातू नव्हे. तो रक्तात भिजला की काही सेकंदांत त्यावर प्रथिनं चिकटतात, फायब्रोनेक्टिन वगैरे. पेशी त्या प्रथिनांना पकडतात. त्यांच्या अंगावर त्यासाठी इंटेग्रिन नावाच्या पकडी असतात. म्हणजे पेशीचा हात धातूपर्यंत पोचतच नाही. ती धरते आपल्याच रक्तातल्या प्रथिनाला. शिवाय गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांवरून हाड बनवणाऱ्या पेशी सरकत इम्प्लांटकडे येतात. त्या ओढत येताना धागे ताणले जातात. पृष्ठभाग गुळगुळीत असला की धागे सुटतात आणि वाटच तुटते. वाळूचा मारा करून आम्लाने खाल्लेला पृष्ठभाग ते धरून ठेवतो. हा खडबडीतपणा साधारण एक ते दोन मायक्रॉनचा. माझ्या हिशेबाने हे बऱ्यापैकी चांगलं फिनिश झालं, पण पेशीला तेवढंही पुरतं.

त्याच इम्प्लांटचं हिरडीजवळचं तोंड मात्र चकचकीत होतं, कारण खडबडीत जागा जंतूंनाही आवडते. एकाच जॉबवर दोन फिनिश, आणि दोन्हींमागे कारण. हे ज्याने ठरवलं त्याला मी मनापासून मानतो.

आता दराबद्दल. महागड्या इम्प्लांटचा पृष्ठभाग पाण्याला जास्त ओढून घेतो, त्यामुळे पहिले आठवडे वेगात जातात, असं सांगतात. घाई असेल, साखर जास्त असेल, हाड विरळ असेल तर त्याचा विचार करावा. मला घाई नव्हती. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला बसवलेली इम्प्लांट लेथवर कापलेली होती, वर काहीही प्रक्रिया नाही. त्या माणसाने ती २००६ साली मरेपर्यंत वापरली. एकेचाळीस वर्षं! त्यामुळे मंगळवारी मधल्या दराला दिलेला दोष मी मागे घेतो.

पैशापेक्षा जपायचे ते पहिले महिने. बसवताना घट्ट वाटतं ते नुसतं यांत्रिक, लाकडात स्क्रू बसतो तसं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आजूबाजूचं जुनं हाड खरवडलं जातं आणि नवं अजून कोवळं असतं, म्हणून तेव्हा पकड उलट कमी होते. दुखणं थांबलेलं असतं, माणूस निर्धास्त चावू लागतो. त्या काळात इम्प्लांट शंभर-दीडशे मायक्रॉन हलत राहिलं तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर बनतो आणि सगळं वाया. शंभर मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग! हिने दीड महिना मला मऊ खिचडी आणि कढी घातली, भाकरवडीचा डबा कपाटावर ठेवला. त्याचं श्रेय तिचं.

खटकतं ते एकच, स्पर्श. खरी दाढ हाडात तंतूंच्या झोळीवर टांगलेली असते, भातातला खडा तिला लगेच कळतो. इम्प्लांटला झोळी नाही, ते थेट हाडाला लागलेलं. खडा कळतो, पण उशिरा आणि बोथट. हिरडीचे तंतूही त्यात शिरत नाहीत, नुसते बाजूने जातात, म्हणून घाण आत उतरायला वेळ लागत नाही. रोज रात्री छोटा ब्रश फिरवतो. कंटाळा येतो, तरी फिरवतो.

आता भांडण. स्क्रू आवळायचे पंधराशे मागितले. मी नाही म्हटलं. जानेवारीत कॅप बसवताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला पोचली की 'कट्' वाजणारी चावी) एकदाच वाजला होता, मी कान देऊन होतो. आवळल्यावर आटे एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. म्हणून दहा मिनिटं थांबून पुन्हा तेवढ्याच टॉर्कला आवळायचं असतं. हे आमच्या फिटरला कळतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पैसे घेतले नाहीत, नवा स्क्रू बसवला आणि या वेळी घड्याळ लावून दोनदा आवळला. माझी तक्रार तिथे संपली.

दुसरी संपली नाही. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो. तो मला दिलाच नव्हता. नवा स्क्रू कोणत्या मापाचा लागेल ते शोधायला फाईल हुडकण्यात चाळीस मिनिटं गेली. दवाखाना उद्या बंद झाला तर माझ्या जबड्यातल्या वस्तूचा स्क्रू बडोद्यात कोण कुठून आणणार? बसवण्याच्या दिवशीच स्टिकर मागून घ्या, खुर्चीतून उठायच्या आधी.

माझा आता मिळाला आहे. स्कूटरच्या आरसी बुकाबरोबर ठेवला आहे. पुढचा एक्स-रे जानेवारीत, उत्तरायण झालं की. तेव्हा चिक्की खाऊन झालेली असेल, हाड कुठवर आहे ते इथेच लिहीन.