गांधीलमाश्यांवर डास-माश्यांचा स्प्रे : चालतो, पण हात पोचेल तिथेच

किराणा दुकानात डास-माश्यांसाठी मिळतो तो साधा स्प्रे. गांधीलमाशीच्या पोळ्यावर तो काम करतो, पण पोळं मुठीएवढं असेल आणि शिडी न लावता जवळ जाता येत असेल तरच. आमच्याकडून पाचपैकी तीन.

आधी पोळं कोणाचं ते बघा. छज्जाखाली किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमागे बारीक देठावर उलटं लटकलेलं, राखाडी कागदासारखं, उघड्या घरांचं पोळं गांधीलमाशीचं. माशी बारीक कमरेची, उडताना मागचे पाय खाली लोंबतात. मातीची घरटी लिंपलेली असतील तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, सहसा डसत नाही. पत्र्याने खरवडलं की झालं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीला हातभर रुंद आग्या मोहोळ लोंबत असेल तर डबा खाली ठेवा आणि मोहोळ काढणाऱ्या जाणकाराला बोलवा. द्राक्षांच्या हंगामात ओट्यावरच्या उघड्या फळांवरही माश्या येतात, म्हणून घरात पोळं असेलच असं नाही.

स्प्रेचा खरा दोष म्हणजे फवारा. धुक्यासारखा उडतो आणि तीन-चार फुटांपुढे विरतो. त्यामुळे वेळ साधावी लागते : अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या पोळ्यावर परतल्या की. गॅलरीचा दिवा बंद. टॉर्च हातात धरू नका, माश्या उजेडावर झेपावतात. लाल जिलेटिन लावून बाजूला ठेवा. अंगात जाड फुल शर्ट, डोळ्यांना गॉगल, वारा पाठीवर, पळायची वाट मोकळी. पोळ्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. मग सलग आठ-दहा सेकंद फवारा. बहुतेकजण इथेच चुकतात : दोन सेकंद मारून थांबतात, माश्या मरत नाहीत, नुसत्या चवताळतात. लगेच आत या, दार लावा.

सकाळी हालचाल दिसली तर संध्याकाळी पुन्हा मारा. शांत असेल तर काठीने पाडा, देठ पुट्टीच्या पत्रीने खरवडा आणि पोळं पिशवीत बांधून फेका. पोळ्यातल्या बंद घरांमधल्या कोषांपर्यंत औषध पोचत नाही, त्यातून माश्या नंतर बाहेर येऊ शकतात.

डब्यातला वायू पेट घेतो, त्यामुळे देवघरातला दिवा किंवा गॅस जवळ पेटलेला नको. औषध बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं असतं. ते फिशटँकमधल्या माशांना घातक, म्हणून टँक झाका. मांजरालाही ते बाधतं.

डसली तर साबणाने धुऊन बर्फ लावा. गांधीलमाशीची नांगी सहसा आत राहत नाही, शोधत बसू नका. चुना किंवा लोखंड घासून काही होत नाही. ओठ सुजले, श्वास लागला, उलट्या झाल्या तर थेट 108.

दुसऱ्या मजल्याच्या छज्जावर किंवा भिंतीच्या पोकळीत पोळं असेल तर डबा घेऊच नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनवरच विचारा : रात्री येणार का, आणि पोळं उतरवून नेणार का? दुपारी येऊन नुसता पंप मारून जाणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही.