शुअर एसएम ५७: पहिला माईक घेणार असाल तर

गिटारच्या ॲम्पसमोर मी आजही आधी हाच माईक लावतो. १९६५पासून बाजारात आहे, डायनॅमिक (आवाजाने हलणाऱ्या कॉइलवर चालणारा) आहे, फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माईकला पुरवली जाणारी वीज, लागत नाही. ॲम्पच्या जाळीपासून दोन बोटं दूर, स्पीकरच्या मधोमध रोखला की आवाज टोकदार येतो. कडेला सरकवत नेला की गोलसर होत जातो. इक्वलायझरला हात लावण्याआधी हे करून बघाच, निम्मं काम तिथंच होतं! स्नेअर ड्रमवर वाजवणाऱ्याची काठी चुकून बसली तरी डगमगत नाही. हळू गाणाऱ्यासाठी मात्र प्रीॲम्पचा (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे वाढवण्याचं प्रमाण, बराच चढवावा लागतो, आणि प्रीॲम्प साधा असेल तर मागे सुरसुर ऐकू येते. तिथे मी कंडेन्सर (जास्त संवेदनशील प्रकारचा) माईकच काढतो. एसएम ५७ माझ्याकडे बारा वर्षं आहे. जाळीला पोचा आलाय, आवाज तोच.