न बदललेल्या पंपाचे बिल

पेट्रोल गाडी काळा धूर सोडू लागली, अ‍ॅव्हरेज पडले आणि तापलेले इंजिन लवकर चालू होईना, की आपल्याकडची बरीच गॅरेजे एकच निदान सांगतात, ते म्हणजे ‘पंप गेला’, अर्थात टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल पाठवणारा पंप. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी याच निदानावर माझ्याकडून साडेनऊ हजार रुपये घेण्यात आले. इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा तपशील लिहीत आहे.

माझी गाडी जुनी, एमपीएफआय इंजिनाची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी आहे. सकाळी ती नीट चालू होत असे, पण बाजारात थोडा वेळ उभी करून परत आल्यावर बराच वेळ सेल्फ मारावा लागे आणि चालू होताना मागून काळ्या धुराचा लोट निघे. गॅरेजवाल्याने टाकीजवळ कान लावला आणि सांगितले, “भाऊ, पंप गेला तुमचा. आपल्या इकडच्या उनात पंप जयतेच.” हे बोलणे पटण्यासारखे होते, कारण पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवते आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत गाडी सतत रिझर्व्हवर चालवली तर तो खरोखरच खराब होऊ शकतो. संध्याकाळी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना पंप दाखवला आणि नवा पंप, फिटिंग व इंजेक्टर सफाई असे लिहिलेली साधी चिठ्ठी हातात दिली.

काही दिवस गाडी बरी चालली, कारण त्याने प्लग मात्र खरोखर साफ केले होते. त्यानंतर धूर पुन्हा सुरू झाला, तेव्हा गाडी यवतमाळच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पहिल्याच वाक्यात जे सांगितले, ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे. कमजोर पंप इंजिनाला पेट्रोल कमी देतो, त्यामुळे गाडी चढावर दम सोडते किंवा वेगात झटके देते; काळा धूर हे पेट्रोल जास्त जात असल्याचे लक्षण आहे, मग पंपावर संशय घ्यायचाच कशाला?

हे जास्तीचे पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरमधून येत होते. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि परतीची लाइन असलेल्या गाड्यांत हा छोटा भाग जादा पेट्रोल टाकीकडे परत सोडून इंजेक्टरच्या नळीतला दाब ठरावीक पातळीवर राखतो. त्याच्या आत स्प्रिंग आणि रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम असतो. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल असते, तर दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातून आलेला व्हॅक्यूमचा (हवा ओढून घेणारा) पाइप जोडलेला असतो. अशा बऱ्याच गाड्यांत हा पाइप काढल्यावर दाब सुमारे ३ बार (बार हे दाबाचे एकक) असतो आणि पाइप जोडून इंजिन आयडलवर ठेवले की तो साधारण अर्ध्या बारने उतरतो. पडदा फाटला, तर पेट्रोल त्याच पाइपातून थेट इंजिनात ओढले जाते. मिस्त्रींनी माझ्यासमोर तो पाइप उपसला, तेव्हा त्याच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब लोंबत होता, आणि तो पाइप तर कोरडा असायला हवा. गेज, म्हणजे दाब मोजायचे मीटर लावल्यावर चालू इंजिनात दाब व्यवस्थित होता, म्हणजे पंप धडधाकट होता. पण इंजिन बंद करताच काटा झपाट्याने खाली आला. ऑइलच्या कांडीलाही पेट्रोलचा वास येत होता, म्हणून रेग्युलेटरबरोबर ऑइलही बदलावे लागले. सगळा खर्च आधीच्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी झाला.

मग त्यांनी मागची सीट उचलली. माझ्या गाडीत पंपाचे झाकण सीटखाली आहे. झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत काळ्या मातीची धूळ घट्ट बसलेली होती आणि कडेचे जुने सीलंट जसेच्या तसे होते. ते झाकण कित्येक वर्षांत कोणी उघडलेले नव्हते, त्यामुळे मला दाखवलेला पंप कोणत्या गाडीचा होता हे तो गॅरेजवालाच जाणे. धुळीला हात लावण्याआधी मी फोटो काढून घेतले.

बऱ्याच नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर असतो, त्यामुळे पाइप उपसून पाहण्याची सोय तेथे नाही आणि गेजशिवाय गत्यंतर नाही. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०१७२ हा कोड आला, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे एवढेच कळते. दोष रेग्युलेटरचा, गळक्या इंजेक्टरचा की एखाद्या सेन्सरचा, हे तपासावेच लागते. ही तपासणी घरी करू नये, कारण लाइनमध्ये दाबाखालचे पेट्रोल असते आणि आपल्याकडे बॉनेट उघडले की बिडी ओढणारे दोघेतिघे गोळा होतातच.

गॅरेजवाल्याने आधी हात वर केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे सांगून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि चिठ्ठीची प्रत व फोटो त्याला पाठवले. त्यानंतर पंपाचे आणि फिटिंगचे पैसे परत आले. इंजेक्टर सफाईचे पैसे देण्यास त्याने नकार दिला, आणि ती सफाई झाली नव्हती हे सिद्ध करण्याजोगे माझ्याकडे काहीही नव्हते.