चाइल्डमाइंडर आणि प्रीस्कूल, दोन्ही एकत्र: इंग्लंडच्या रेडिंग शहरातला आमचा अनुभव

मूल सकाळी तीन तास प्रीस्कूलला असेल, तर त्या तीन तासांचे पैसे चाइल्डमाइंडरला, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बाईंना, कशासाठी द्यायचे? इंग्लंडात नव्याने आलेलं जवळजवळ प्रत्येक मराठी जोडपं मला हे विचारतं. काही महिने ही व्यवस्था वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: द्यावेत. फक्त किती आणि कधी, हे सही करण्याआधी कागदावर यायला हवं.

आमचा दिवस असा. सकाळी आठला लेकीला चाइल्डमाइंडर बाईंकडे सोडायचं. नऊला त्या तिला चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या प्रीस्कूलला पोचवतात, बाराला घेऊन येतात, जेवायला घालतात आणि साडेपाचला आम्ही घ्यायला जातो. दर तासाला ६ पौंड, प्रीस्कूलच्या तीन तासांना निम्मा. म्हणजे टर्म (शाळेचं सत्र) चालू असताना दिवसाचे ४८ पौंड, आणि सुट्टीत लेक पूर्ण दिवस बाईंकडेच असते तेव्हा ५७.

निम्मा दर का, ते त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं. एकट्या चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची सहाच मुलं सांभाळता येतात आणि त्यात अजून शाळेत न जाणारी लहान मुलं साधारणपणे तीनच. म्हणजे आमची लेक त्या तीन जागांपैकी एक अडवून बसलेली आहे. फक्त नऊ ते बारा मूल ठेवणारे पालक शोधून सापडत नाहीत, आणि सापडले तरी सुट्ट्या लागल्या की त्यांना काय सांगणार? शिवाय ते तीन तास बाई मोकळ्या नसतात. लेकीला एकदा दहाच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. आम्ही दोघंही लंडनला ऑफिसात, गाडी धरून परतायचं म्हणजे तासाभराच्या वर गेला असता. प्रीस्कूलने बाईंना फोन केला आणि त्या बाकीच्या दोघांना बाबागाडीत घालून लगेच हॉलवर हजर झाल्या. ते तीन पौंड कशाचे, हे त्या दिवशी माझ्या नवऱ्यालाही पटलं.

आम्ही आणखी दोघींशी बोललो होतो. एक प्रीस्कूलच्या तासांचेही पूर्ण पैसे घेणार होती. दुसरी काहीच घेणार नव्हती, पण मग बारापर्यंत तिची जबाबदारी नाही आणि सुट्टीत पूर्ण दिवसाची जागा मिळेलच असंही नाही. आधी तेच स्वस्त वाटतं. मात्र प्रीस्कूल वर्षाचे ३८ आठवडेच असतं. उरलेल्या १४ आठवड्यांचा हिशोब मांडला की ते स्वस्त राहत नाही.

आता सरकारी तासांबद्दल, म्हणजे ज्यांचे पैसे सरकार भरतं त्या तासांबद्दल, कारण आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडतो. मूल तीन वर्षांचं झाल्यानंतरच्या टर्मपासून आठवड्याला १५ तास, वर्षाला ५७०, प्रत्येक मुलाला मिळतात, आईवडील कामावर असोत नसोत. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदतीचा हक्क नाही) लिहिलेलं असलं तरी हे मिळतात, घाबरू नका. नोकरदार पालकांच्या ३० तासांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२५ पासून ते नऊ महिन्यांच्या बाळापासून सुरू होतात. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही वेगळं, त्यात तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, वर्षाला एका मुलामागे २,००० पर्यंत. या दोन्हींसाठी दोघांपैकी निदान एकाला पब्लिक फंड्सचा हक्क लागतो आणि दोघांपैकी कुणाचंही उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर चालत नाही. आम्ही दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे पब्लिक फंड्सचा हक्क नाही, त्यामुळे आमच्या हाती १५ तासच. रोज तीन तास, पाच दिवस, सगळे प्रीस्कूलला दिले. ते चाइल्डमाइंडरलाही देता येतात किंवा दोघांत वाटता येतात, पण तिने कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) त्यासाठी नाव नोंदवलेलं असावं लागतं. आमच्या बाईंनी नोंदवलेलं नाही. कोणाला किती तास, हे प्रीस्कूलच्या फॉर्मवर आपण सही करून देतो. तो फॉर्म हेडकाउंटच्या, म्हणजे सरकारी तासांसाठी मुलांची मोजणी होते त्या दिवसाच्या, आधी गेलाच पाहिजे.

३० तास मिळणाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी पात्रता पुन्हा कळवायची असते. माझ्या एका मैत्रिणीने त्यासाठी मोबाइलवर आठवण लावून ठेवलीय, तुम्हीही लावा.

तक्रार एकच आणि ती प्रीस्कूलबद्दल. दर टर्मला खाऊचे म्हणून पैसे मागतात आणि कागदाची भाषा अशी की ते भरलेच पाहिजेत असं वाटावं. फंडेड (सरकारी) तासांवर असे पैसे सक्तीचे करता येत नाहीत. मी नम्रपणे विचारलं, तेव्हा घरून डबा पाठवायला परवानगी मिळाली. लेक आता खाकरा घेऊन जाते.

करारातली दोन कलमं वाचताना मला बरं वाटलं नव्हतं, पण आता ती रास्त वाटतात. आम्ही भारतात गेलो तर त्या आठवड्यांचे पूर्ण पैसे लागतात. बाई स्वतः सुट्टीवर असतील तर काहीच नाही. पुण्यात पाळणाघराच्या काकूसुद्धा मूल गावाला गेलं म्हणून महिन्याचे पैसे कापू देत नाहीत. प्रीस्कूलच्या एखाद्या इनसेट डेला, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना सुट्टी असते त्या दिवशी, कोणता दर, हे आमच्या करारात नव्हतं. पहिल्यांदा तसा दिवस आला तेव्हा बोलून पूर्ण दर ठरवला आणि खाली एक ओळ वाढवून दोघांनी सह्या केल्या. मुलाला कोण नेणार त्यांची नावं प्रीस्कूलला लेखी द्यावी लागतात. बाईंसोबत माझ्या आईचंही नाव घाला म्हटलं, कारण ती वर्षाआड येते.

आणि हे मनापासून सांगते: ‘ओळखीच्या ताई घरीच सांभाळतात, रोख द्या’ यात पडू नका. आठ वर्षांखालचं मूल स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त पैसे घेऊन सांभाळायचं तर नोंदणी लागतेच, आणि ऑफस्टेडचा (शाळा आणि बालसंगोपन तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) अहवाल नोंदणी क्रमांकावरून शोधून वाचता येतो. ताई कितीही प्रेमळ असल्या तरी मुलाला काही झालं, तर विम्यापासून सगळ्याचाच प्रश्न येतो.

येत्या सप्टेंबरात लेक रिसेप्शनला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गाला, जाईल. शाळा सुटल्यानंतरची जागा बाईंकडे आत्ताच मागून ठेवलीय. त्या वेळेचा दर तोच राहणार आहे, पण चार आठवड्यांची लेखी नोटीस देऊन नवा करार करावा लागेल.